कंदिसा

दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या रॉक बँडचा २००० साली ‘टाइम्स म्युझिक’ने प्रकाशित केलेला अल्बम. सुस्मित सेन (गिटार), असीम चक्रवर्ती (तबला, गायन), राहुल राम (बेस गिटार, गायन) आणि अमित किलम (ड्रम) हे त्याचे वादक-गायक. ‘इंडियन ओशन’ (१९९३) आणि ‘डेझर्ट रेन’ (१९९७) या आधीच्या अल्बममुळे बँड जाणकारांना ठाऊक होता. देशभर नाव झाले ते ‘कंदिसा’मुळे.

शीर्षकगीत ही केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतील प्राचीन अरामी प्रार्थना. ‘मा रेवा’ हे नर्मदाकाठचे लोकगीत राहुल राम यांना नर्मदा बचाओ आंदोलनात काम करताना मिळाले. ‘हिल्ले ले’ गोरख पांडे यांच्या भोजपुरी रचनेवर बेतलेले आहे.

अल्बमचे खरे सामर्थ्य वादनात आहे. सेन यांची गिटार पाश्चात्त्य रॉकच्या ठरावीक सुरावटींपासून दूर राहते आणि सतारीचे अनुकरणही करत नाही. छोटी स्वरावली पुन्हा पुन्हा घोळवत ती गाणे पुढे नेते. तबला आणि ड्रम एकत्र वाजूनही एकमेकांना झाकत नाहीत, हे विशेष. चक्रवर्तींचा भरदार, किंचित खरखरीत आवाज तर या संगीताचा प्राणच होता.

चक्रवर्ती यांचे २००९ मध्ये निधन झाले. सेन २०१३ मध्ये बाहेर पडले. भारतीय भाषांत गाणाऱ्या पुढच्या अनेक बँडना या अल्बमने वाट मोकळी करून दिली.