खरे वेटोळे, खोटे वेटोळे

१७८४ सालची गोष्ट. पॅरिसजवळच्या पासी या गावी बेंजामिन फ्रँकलिन यांच्या बागेत एका बारा वर्षांच्या मुलाला डोळे बांधून आणले गेले. बागेतल्या एका जर्दाळूच्या झाडात ‘चुंबकशक्ती’ भरलेली आहे आणि त्या झाडाला मिठी मारली की मुलावर तिचा परिणाम दिसेल, असा दावा होता. मुलाला एकामागून एक चार झाडांपाशी नेले. पहिल्याच झाडापाशी त्याला घाम फुटला आणि खोकला आला. चौथ्या झाडापाशी तर तो बेशुद्ध होऊन पडला. पण या चार झाडांत ते जर्दाळूचे झाड नव्हतेच!

हा प्रयोग फ्रान्झ मेस्मर या वैद्याच्या उपचारपद्धतीची परीक्षा घेण्यासाठी होता. मेस्मरने १७७४ साली व्हिएन्नात रोग्यांच्या अंगावर चुंबक ठेवून उपचार सुरू केले. पुढे त्याला वाटू लागले की चुंबकाचीही गरज नाही, आपल्याच शरीरातून एक अदृश्य द्रव वाहतो. पॅरिसमध्ये त्याचे एवढे प्रस्थ माजले की फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. फ्रँकलिन, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए, खगोलशास्त्रज्ञ बायी आणि डॉक्टर गियोतँ असे मातब्बर लोक तिच्यात होते. त्यांचे सर्वांत प्रभावी उपकरण होते डोळ्यांवरची पट्टी. परिणाम होतो हे त्यांनी नाकारले नाही. तो मुलगा खरोखरच पडला होता. पण त्याला पाडले त्याच्या समजुतीने, झाडाने नव्हे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. उपचार आणि उपचाराची समजूत या दोन गोष्टी वेगळ्या काढून तपासण्याचा हा विज्ञानाच्या इतिहासातला अगदी सुरुवातीचा प्रयत्न म्हणावा लागेल.

मेस्मरच्या चुंबकाने मेंदूवर काहीच का होत नव्हते? याचे उत्तर दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या हाताशी आहे. तारेचे वेटोळे गॅल्व्हनोमीटरला जोडून त्यात चुंबक नुसता ठेवून दिला तर काटा हलत नाही. चुंबक आत-बाहेर केला तरच तो हलतो, आणि जितक्या झपाट्याने करावा तितका जास्त. फॅरडेने हे १८३१ साली दाखवले. विद्युतधारा निर्माण होते ती चुंबकीय क्षेत्र बदलत असताना. म्हणून एमआरआय यंत्रात दीड टेस्लाच्या स्थिर क्षेत्रात पडून राहिलो तरी तेवढ्याने आपली बोटे आपोआप हलू लागत नाहीत.

मेंदू हासुद्धा एक विद्युतवाहक आहे. मग बदलत्या क्षेत्रात डोके ठेवले तर? पॅरिसमध्ये दार्सोनव्हाल यांनी १८९६ साली नेमके हेच केले. मोठ्या वेटोळ्यात डोके घातल्यावर डोळ्यांपुढे प्रकाशाचे लुकलुकणे दिसले आणि गरगरल्यासारखे झाले. लंडनमध्ये सिल्व्हेनस थॉम्प्सन यांनी १९१० साली तसाच अनुभव नोंदवला. (तो प्रकाश मेंदूत नव्हे तर बहुधा डोळ्यांच्या पडद्यातच उमटत असावा, असे आज मानले जाते.) गंमत म्हणजे त्याच्याही आधी, १९०२ साली, व्हिएन्नात पोलाचेक आणि बेअर या दोघांनी डोक्यावर विद्युतचुंबक धरून औदासीन्य आणि मज्जाविकार बरे करण्याच्या यंत्राचे पेटंट मागितले होते. त्याच शहरात तेव्हा फ्रॉइड आपल्या रोग्यांना बोलते करत होते! कल्पना होती, पण त्या काळच्या यंत्रांना मेंदूच्या पेशी चेतवण्याइतका झपाटा जमत नव्हता.

तो झपाटा जमला इंग्लंडमधील शेफील्ड येथे. त्याआधी १९८० साली मर्टन आणि मॉर्टन यांनी डोक्याच्या कातडीवर विजेचा जोरदार धक्का देऊन विरुद्ध बाजूच्या हाताचे स्नायू हलवून दाखवले होते, पण ते फार वेदनादायक होते. कवटीचे हाड विजेला अडवते, त्यामुळे बराचसा प्रवाह कातडीतच घुटमळतो. चुंबकीय क्षेत्राला मात्र हाड अडवत नाही. अँथनी बार्कर, रेझा जलिनूस आणि इयन फ्रीस्टन यांनी १९८५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपला प्रयोग प्रसिद्ध केला. डोक्यावर वेटोळे धरले, कळ दाबली, आणि समोरच्या माणसाचा हात त्याने स्वतः न हलवता हलला. वेदना जवळपास नाहीच.

या यंत्राचे तत्त्व साधे आहे. कपॅसिटरमध्ये विद्युतभार साठवायचा आणि तो एकदम वेटोळ्यातून सोडायचा. क्षणभर काही हजार अँपिअरची धारा वाहते, आणि वेटोळ्याजवळचे क्षेत्र सुमारे एक दशसहस्रांश सेकंदात शून्यापासून दीड-दोन टेस्लापर्यंत चढते. दोन टेस्ला धरले तर बदलाचा दर सेकंदाला वीस हजार टेस्ला झाला. वर्गात हे गणित मुलांकडून करून घेता येईल. या बदलामुळे वेटोळ्याखाली मेंदूच्या वरच्या दोन-एक सेंटिमीटरमध्ये धारा प्रवर्तित होते आणि चेतापेशी उद्दीपित होतात. प्रत्येक ठोक्याला वेटोळ्याच्या तारांवर बल येऊन मोठा ‘टक्’ असा आवाज होतो, म्हणून कानात बोळे घालावे लागतात. हा आवाज लक्षात ठेवावा, पुढे तो महत्त्वाचा ठरतो.

बार्कर यांना मानसिक रोगांत रस नव्हता. मेंदूपासून स्नायूपर्यंत संदेश पोचायला किती वेळ लागतो हे मोजण्यासाठी मज्जाविकारतज्ज्ञांना हे यंत्र हवे होते. ठोके भराभर देणारी यंत्रे आल्यावर मात्र मानसोपचारतज्ज्ञ पुढे सरसावले. औदासीन्याच्या अनेक रोग्यांत मेंदूच्या डाव्या कपाळामागच्या भागाचे कार्य मंदावलेले दिसत होते. अमेरिकेत मार्क जॉर्ज यांनी औषधांना दाद न देणाऱ्या सहा रोग्यांना त्या जागी रोज ठोके दिले. १९९५ साली त्यांनी कळवले की दोघांत ठळक सुधारणा झाली. १९९६ साली पास्कुआल-लेओने यांनी स्पेनमधील १७ रोग्यांपैकी ११ जणांत लक्षणीय सुधारणा नोंदवली.

आता प्रश्न आला पासीच्या बागेतलाच. डोळ्यांवरची पट्टी इथे कशी बांधायची? औषधाच्या बाबतीत पिठाची गोळी देता येते. इथे सुरुवातीला वेटोळे नुसते तिरपे धरत. टक् आवाज व्हायचा, पण डोक्याच्या कातडीवर टिचकी मारल्यासारखे जे वाटते ते नीट व्हायचे नाही. शिवाय तिरप्या वेटोळ्यातूनही थोडीफार धारा मेंदूत पोचतेच. म्हणजे खोटा उपचार पुरता खोटाही नाही आणि पुरता फसवाही नाही. मला तर खऱ्या वेटोळ्यापेक्षा या खोट्या वेटोळ्याची घडण अधिक कठीण वाटते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या १९० रोग्यांच्या अभ्यासात खोट्या वेटोळ्याबरोबर कातडीला विजेचा हलका चिमटा देण्याची सोय होती, त्यामुळे फरक ओळखणे अवघड झाले. त्यात खऱ्या उपचाराने १४.१ टक्के रोगी पूर्ण बरे झाले, खोट्याने ५.१ टक्के. फायदा छोटा, पण खरा. त्याआधीच २००८ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी प्रौढांसाठी या उपचाराला परवानगी दिली होती.

मुलांचे काय? त्यांच्यासाठी पर्यायाची गरज जास्तच निकडीची आहे. औदासीन्यावरील औषधांमुळे काही मुलांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेत २००४ साली त्या औषधांवर छापणे सक्तीचे झाले. औषधे निरुपयोगी ठरली असे यातून होत नाही, पण पालक आणि डॉक्टर बिचकले. २००८ साली इस्राएलमध्ये ९ आणि २०११ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये ८ किशोरवयीन रोग्यांवर हा उपचार करून पाहिला गेला. बहुतेकांना तो सहन झाला. आकडीचा धोका असतो, पण नियम पाळले तर तो विरळा. सुधारणाही दिसली. मात्र या प्रयत्नांत खोटे वेटोळे नव्हते.

ते आणले पॉल क्रोआर्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. औषधांनी गुण न आलेल्या, १२ ते २१ वर्षे वयाच्या १०३ मुलामुलींचा त्यांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. सहा आठवडे उपचार. खरे वेटोळे मिळालेल्या ४८ जणांपैकी २० जणांना चांगला गुण आला. खोटे मिळालेल्या ५५ जणांपैकी? तेही २०. टक्केवारीत ४१.७ आणि ३६.४. हा फरक योगायोगाने पडण्याइतकाच होता.

तरीही मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या नियंत्रकांनी १५ ते २१ वयोगटासाठी इतर उपचारांच्या जोडीने हा उपचार वापरायला परवानगी दिली. आधार होता यंत्र बनवणाऱ्या कंपनीकडील अकराशेहून अधिक किशोरवयीन रोग्यांच्या नोंदींचा. त्यांपैकी ७८ टक्क्यांना जाणवण्याजोगा फायदा झाला, असे कंपनीने सांगितले. संख्या मोठी आहे आणि नोंदी खोट्या आहेत असे मानायचे कारण नाही. पण त्या सर्वांना खरेच वेटोळे मिळाले होते आणि तसे त्यांना ठाऊकही होते. माझ्या मते १०३ जणांचा अभ्यास या अकराशे नोंदींपेक्षा वजनदार आहे. उपचार निरुपयोगी आहे असा त्याचा अर्थ मात्र होत नाही. वयात येणाऱ्या मेंदूचा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, आणि प्रौढांसाठी बसवलेली जागा, ठोक्यांची गती आणि संख्या त्याला जशीच्या तशी लागू पडेल असे नाही.

खोट्या वेटोळ्याखालच्या त्या २० मुलांकडेही नीट पाहायला हवे. औदासीन्याने अंथरुणातून न उठणारे मूल सहा आठवडे आठवड्यातून पाच दिवस ठरल्या वेळी घराबाहेर पडते. कोणीतरी त्याला नावाने हाक मारते, डोक्यावर वेटोळे बसवते, कालचा दिवस कसा गेला ते विचारते, आज झोप लागली का ते लिहून घेते, आणि उद्या पुन्हा ये म्हणून सांगते. खोटे असते ते फक्त वेटोळे.