भिंतीपलीकडचीं हरणें

पेकिंगच्या, म्हणजे आजच्या बीजिंगच्या, दक्षिणेस कांहीं कोसांवर नानहायझी नांवाचें एक अफाट राजवन होतें. सभोंवार उंच भिंत, वेशींवर चौक्या, आंत तळीं, लव्हाळ्यांचीं रानें आणि बादशहाच्या शिकारीसाठीं राखलेलीं जनावरें. परदेशी माणसाची गोष्ट तर दूरच, राजधानींतल्या सामान्य रयतेलाही आंत पाऊल टाकण्याची मनाई असे. १८६५ सालीं आर्मां दाविद या फ्रेंच मिशनऱ्यानें या भिंतीवरून आंत नजर टाकली, तेव्हां त्याला दूरवर एक कळप चरतांना दिसला. जनावरें हरणांच्या जातीचीं होतीं हें खरें. परंतु शिंगांची ठेवण निराळी होती, आणि एवढें लांब शेंपूट असलेलें हरीण युरोपांतील कोणत्याही ग्रंथांत वर्णिलेलें नव्हतें.

दाविद हा धर्मोपदेशासाठीं १८६२ मध्यें चीनला आला असला तरी त्याचें मन पक्षी, कीटक आणि वनस्पति यांतच अधिक रमे. पॅरिसच्या संग्रहालयासाठीं नमुने जमविणें हें त्याचें दुसरें व्रतच होऊन बसलें होतें. पुढें १८६९ मध्यें पांडा या प्राण्याची युरोपला ओळख करून दिली ती यानेंच. राजवनांतील हरीण मिळविण्याचा सरळ मार्ग नव्हता, म्हणून त्यानें पहारेकऱ्यांचे हात ओले केले आणि १८६६ च्या आरंभीं कातडीं व हाडें हस्तगत करून तीं पॅरिसला रवाना केलीं. तेथें मिल्न-एडवर्ड्स या प्राणिशास्त्रज्ञानें त्याच वर्षीं या जातीचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध करून तिला दाविदचें नांव दिलें.

युरोपीय ग्रंथांत या प्रसंगास 'शोध' असें म्हणण्याची चाल आहे. ती चालवून घेण्यास हरकत नाहीं. मात्र ज्या देशांत या जनावराला शेंकडों पिढ्या 'मिलू' म्हणून ओळखीत होते, त्या देशाला या शोधानें नवें असें कांहींच कळलें नाहीं. लोकांनीं त्याला आणखी एक गमतीचें नांव दिलें होतें, त्याचा अर्थ 'चौघांसारखें नसलेलें'. मान उंटासारखी पण उंट नव्हे, खूर गाईसारखे पण गाय नव्हे, शेंपूट गाढवासारखें पण गाढव नव्हे, शिंगें हरणाचीं पण हरीण नव्हे. वर्णन थट्टेचें असलें तरी तें पाहणाऱ्याच्या डोळ्यांनीं केलेलें आहे. मिलूचे खूर रुंद असून चालतांना फांकतात, त्यामुळें चिखलांत तें रुतत नाहीं. पोहण्यांत तें पटाईत असतें. आणि विणीच्या हंगामांत नर चिखलांत लोळून शिंगांवर गवताचे झुबके मिरवीत फिरतात. तें दलदलीचें जनावर आहे हें त्याच्या अंगावरच लिहिलेलें असतें.

शिंगांचीही एक कथा आहे. जुन्या चिनी पंचांगांत वर्षाचे पांच-पांच दिवसांचे बहात्तर भाग पाडलेले असून, हिंवाळ्यांतील सर्वांत लहान दिवसानंतरच्या एका भागास 'मिलूचीं शिंगें गळतात' अशी खूण दिलेली आहे. च्येन-लुंग बादशहाला या खुणेविषयीं शंका आली. त्याच्या माहितीचीं उत्तरेकडील हरणें शिंगें टाकीत तीं उन्हाळ्यांत. १७६७ च्या हिंवाळ्यांत त्यानें राजवनांत माणूस धाडून चौकशी करविली, तों तेथील हरणांचीं शिंगें खरोखरच गळलेलीं आढळलीं. बादशहानें या विषयावर एक निबंध लिहिला आणि पंचांगांतील प्राण्याचें नांव बदलविलें. साऱ्या साम्राज्याचें पंचांग एका शब्दानें दुरुस्त करण्याइतकी आस्था ज्या जनावराविषयीं दाखविली गेली, तें जनावर भिंतीबाहेर कोठें उरलें आहे काय, हा प्रश्न मात्र त्या दरबारांत कोणाला सुचलेला दिसत नाहीं.

सुचला असता तर उत्तर निराशाजनकच मिळालें असतें. यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यांत आणि पूर्वेकडील सखल मैदानांत प्राचीन वस्त्यांच्या उत्खननांत मिलूचीं हाडें विपुल सांपडतात. एके काळीं हीं हरणें तेथें कळपांनीं वावरत असलीं पाहिजेत. पुढें भाताची लागवड वाढली, दलदली उपसून त्यांचीं खाचरें झालीं, बांध पडले, गांवें वसलीं. माणसाला जी जमीन हवी होती तीच नेमकी मिलूचीही होती. या भागांत कोणी खलपुरुष नाहीं. पोट भरणारे शेतकरी आहेत, आणि त्यांच्यापुढें हळूहळू मागें सरणारें एक मोठें, मांसल, सहज मारतां येणारें जनावर आहे. बादशहांनीं आपल्या शिकारीच्या हौसेसाठीं कांहीं कोंडून ठेवलीं म्हणूनच तीं उरलीं. मारण्यासाठीं राखलेल्या वनानें एका जातीचा वंश कित्येक शतकें तगविला, ही गोष्ट विचित्र खरी, पण नाकारतां येण्यासारखी नाहीं.

दाविदच्या नमुन्यांनंतर युरोपांतील वकिलातींनीं खटपट केली आणि थोडीं जिवंत हरणें समुद्रमार्गें तिकडील प्राणिसंग्रहालयांत पोंचलीं. तो व्यवहार त्या वेळीं कुतूहलापुरताच होता. वंशरक्षणाचा विचार कोणाच्याही मनांत नव्हता, कारण भिंतीआड मोठा कळप सुरक्षित आहे अशी सर्वांची समजूत होती.

ती समजूत १८९४-९५ च्या सुमारास पाण्यांत गेली. युंगतिंग नदीला पूर आला आणि राजवनाची भिंत जागोजाग ढांसळली. हरणें बाहेर पडलीं तीं पुरानें नागवलेल्या, उपाशी गांवकऱ्यांच्या मुलखांत. त्यांनीं तीं मारून खाल्लीं. त्यांना दोष देण्याचें धाष्टर्य पोट भरलेल्या माणसानें करूं नये. भिंतीच्या आंत वीस-तीस हरणें काय तीं राहिलीं. पुढें १९०० सालीं बॉक्सर बंडाच्या निमित्तानें आठ राष्ट्रांच्या फौजा पेकिंगवर चालून आल्या, राजवन लुटलें गेलें आणि उरलेल्या हरणांचाही निकाल लागला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत आर्मां दाविद पॅरिसमध्यें वारला.

आतां पृथ्वीच्या पाठीवर मिलू उरले ते युरोपांत. पॅरिस, बर्लिन अशा शहरांतून त्यांच्या तुरळक जोड्या होत्या. इंग्लंडांतील वोबर्न येथील जहागीरदार, बेडफर्डचे अकरावे ड्यूक हर्ब्रँड रसेल, यांना हरणांचा मोठा शौक. लंडनच्या प्राणिशास्त्र-मंडळाचे ते १८९९ पासून १९३६ पर्यंत अध्यक्ष होते. त्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व नव्या शतकाच्या आरंभीं ठिकठिकाणचीं मिळून अठरा मिलू हरणें वोबर्नच्या विस्तीर्ण उद्यानांत एकत्र केलीं. त्यांपैकीं वंश वाढविण्यास समर्थ अशीं फक्त अकरा होतीं. इतर संग्रहालयांतून राहिलेलीं काळाच्या ओघांत वंश न ठेवतां संपलीं. आज जगांत जीं जीं मिलू हरणें आहेत, तीं सर्व या मूठभर पूर्वजांचीं संतति होत.

हाही एका धनाढ्याचा शौकच होता, आणि हेंही एक भिंतीचें वनच होतें. परंतु येथें जनावरांना कळपानें राहण्यास, नरांना झुंजण्यास आणि माद्यांना मोकळें फिरण्यास जागा होती. कळप वाढूं लागला. पहिलें महायुद्ध सुरू झालें तेव्हां त्याची संख्या नव्वदीच्या घरांत गेली होती. युद्धकाळांत माणसांनाच धान्य पुरेना, तेथें हरणांना वैरण कोण देणार? संख्या पन्नासांच्या आसपास उतरली. एका हिंवाळ्याचा उपास आणखी लांबता तर या कथेचा शेवट येथेंच झाला असता. दुसऱ्या महायुद्धानें दुसरी भीति दाखविली. सर्व वंश एकाच कुरणांत आहे, आणि एखादा बाँब किंवा एखादी सांथ पुरेशी आहे, हें ध्यानांत आल्यावर १९४० च्या दशकांत वोबर्नच्या मालकांनीं कांहीं हरणें व्हिप्सनेडसारख्या दुसऱ्या ठिकाणीं धाडण्यास सुरुवात केली. तेथून पुढें तीं देशोदेशीं गेलीं.

परत चीनला नेण्याचा प्रयत्न १९५६ मध्यें झाला. लंडनहून दोन जोड्या पेकिंगच्या प्राणिसंग्रहालयांत पाठविण्यांत आल्या. १९७३ मध्यें आणखी कांहीं. पिंजऱ्यांतून पिंजऱ्यांत झालेल्या या प्रवासांतून कळप उभा राहिला नाहीं. खरी परतणी झाली ती १९८५ च्या ऑगस्टांत. ड्यूकांच्या घराण्याचे वारस टॅव्हिस्टॉकचे मार्क्विस यांनीं दिलेलीं वीस हरणें विमानानें आणून थेट नानहायझीस सोडण्यांत आलीं. तोंवर जुनी भिंत नाहींशी झाली होती. राजवनाच्या बहुतेक जमिनीवर शेतें, गांवें आणि एक विमानतळ पसरला होता. उरल्यासुरल्या भागांतून सुमारें साठ हेक्टर जागा मोकळी करून, तिच्यांत तळीं व गवत पुन्हां राखून, हरणांचें घर सिद्ध करावें लागलें. दोन वर्षांनीं आणखी अठरा माद्या आल्या. जेथून जात नाहींशी झाली त्याच जागीं तिला पुन्हां वसविण्याचें असें उदाहरण प्राणिरक्षणाच्या इतिहासांत विरळाच.

परंतु नानहायझी ही केवळ शेवटच्या आश्रयाची जागा. मिलूचें मूळ माहेर तें नव्हे. तें समुद्रकांठच्या दलदलीकडे. म्हणून १९८६ मध्यें ब्रिटनमधील प्राणिसंग्रहालयांतून निवडलेलीं एकोणचाळीस हरणें पीत समुद्राच्या किनाऱ्यावरील दाफेंग येथें आणण्यांत आलीं. हा मुलूख मिलूच्या प्राचीन वसतिस्थानांत मोडतो. येथें शास्त्रज्ञांपुढें खरा प्रश्न होता तो असा: जीं जनावरें कित्येक पिढ्या कुंपणांत, हिरवळीवर, माणसाच्या हातची वैरण खाऊन वाढलीं, त्यांना खाऱ्या चिखलांत स्वतःचें पोट भरणें जमेल काय? आणि अकरा पूर्वजांच्या रक्तांतून आलेल्या वंशाला नव्या हवेंतील रोग सोसवतील काय? अनेकांना वाटत असलेली भीति निराधार नव्हती. फारच आकुंचित रक्ताचे वंश पुष्कळदां रोडावतात. मिलूच्या बाबतींत तसें झालें नाहीं, आणि त्याचें समाधानकारक कारण सांगणें सोपें नाहीं. बादशहांच्या वनांतच शतकानुशतकें झालेल्या आंतल्या आंत पैदाशीनें दुबळे अंश आधींच गळून गेले असावेत, असा एक तर्क आहे. फांकणारे खूर, पोहण्याची हौस, चिखलाचें वेड हीं मात्र रक्तांतून गेलीं नव्हतीं. दाफेंगचा कळप वाढत गेला व जगांतील सर्वांत मोठा झाला.

तिसरी वस्ति हूपे प्रांतांत, शिशोउजवळ. येथें यांगत्सेनें आपला मार्ग बदलल्यामुळें तिचें एक जुनें वळण तुटून धनुष्याकृति तळें बनलेलें आहे. भोंवतालीं लव्हाळ्यांची दाटी. १९९३ व १९९४ मध्यें नानहायझीहून चौसष्ट हरणें येथें आणण्यांत आलीं. याच तळ्यांत यांगत्सेच्या बिनपंखी शिंशुकांनाही आश्रय देण्यांत आला आहे, म्हणजे नदीनें टाकून दिलेल्या त्या एका वळणांत दोन पीडित जातींनीं बिऱ्हाड केलें.

१९९८ च्या उन्हाळ्यांत यांगत्सेला महापूर आला. लाखों माणसें बेघर झालीं. संरक्षित रानाचें कुंपण पाण्याखालीं गेलें आणि कांहीं मिलू हरणें पोहत बाहेर पडलीं. त्यांतलीं कांहीं तर यांगत्सेचें विशाल पात्र ओलांडून दक्षिण तीरास लागलीं. रक्षकांनीं तीं परत आणावयाचीं कीं नाहीं याचा विचार चालला असतां त्या हरणांनींच त्याचा निकाल लावला. तीं तेथेंच राहिलीं, वेळूंच्या व गवताच्या बेटांत त्यांना पिलें झालीं, आणि कांहीं पुढें हूनान प्रांतांतील तुंगतिंग सरोवराच्या कांठापर्यंत गेलीं. पूर्वीच्या शतकांतल्या पुरानें हरणें उपाशी माणसांच्या हातीं दिलीं होतीं. या पुरानें सोडलेल्या हरणांना वाटेंत कोणीं मारलें नाहीं. या दोन पुरांमधील अंतर मोजावयाचें तर तें वर्षांनीं मोजून भागणार नाहीं. मधल्या काळांत पोट भरलेली रयत आणि कायदा, दोन्ही आलेलीं होतीं.

आज चीनमधील मिलूंची संख्या दहा हजारांच्या वर गेली आहे, आणि तिच्यामुळें नव्या अडचणी उभ्या राहिल्या आहेत. दाफेंगच्या कुंपणांतील गवत इतक्या तोंडांना पुरत नाहीं, तेव्हां हरणें नव्या ठिकाणीं हलवावीं लागतात. रानांत मोकळीं फिरणारीं शेजारच्या शेतांत उतरतात आणि शेतकऱ्यांची तक्रार येते. दलदल मात्र वाढत नाहीं, तिच्या भोंवतालची वस्ति वाढते. आंतरराष्ट्रीय निसर्गरक्षण संघानें २०१६ मध्यें या जातीचें मूल्यमापन केलें, तेव्हां तिची नोंद 'निसर्गांतून नष्ट' अशाच सदरांत कायम ठेवली. तुंगतिंगच्या कांठच्या हरणांना त्या सदराची कांहीं कल्पना नाहीं. दर हिंवाळ्यांत तीं पंचांगांत सांगितलेल्या सुमारास आपलीं शिंगें तेथील चिखलांत टाकतात.