मॅग्नेशियम भागांचे क्षरणरोधन
जुन्या मोटारींतील मॅग्नेशियम मिश्रधातूचे भाग स्वच्छ करून त्यांवर संरक्षक थर चढविण्याच्या प्रक्रियेस मॅग्नेशियम भागांचे क्षरणरोधन म्हणतात. मॅग्नेशियमची घनता १.७४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या सुमारे दोन तृतीयांश असते. वजन कमी राखण्यासाठी फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनाचे क्रँककेस या मिश्रधातूचे बनवीत.

कारणे
मॅग्नेशियम अतिशय क्रियाशील धातू आहे. ओलावा असताना पोलादी बोल्टशी संपर्क आल्यास विद्युतघट तयार होऊन मॅग्नेशियम झिजते. खाऱ्या हवेत ही झीज अधिक वेगाने होते; मात्र समुद्रापासून दूर असलेल्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतही पावसाळ्यातील दमट हवा त्यास पुरेशी ठरते.

प्रक्रिया
जुना रंग रासायनिक द्रावणाने काढतात. पोलादी ब्रश टाळतात, कारण पृष्ठभागात रुतलेले लोहकण क्षरण वाढवितात. त्यानंतर रासायनिक रूपांतरण थर, इपॉक्सी प्रायमर व रंग देतात. पूर्वी या थरासाठी क्रोमेट वापरीत. षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असल्याने आता क्रोमेटविरहित पर्यायही वापरले जातात. पोलादी बोल्टखाली योग्य ॲल्युमिनियम मिश्रधातूचे वॉशर बसवितात.

सुरक्षितता
घासताना निघणारी मॅग्नेशियमची भुकटी सहज पेटते. जळत्या मॅग्नेशियमवर पाणी टाकल्यास हायड्रोजन वायू निर्माण होऊन आग भडकते. त्यामुळे पूर्णपणे कोरडी वाळू किंवा धातूंच्या आगीसाठीचे विशेष अग्निशामक वापरतात.