गोचीड : घर, गोठा व परिसर यांतील बंदोबस्त

गोचीड हा अष्टपाद वर्गातील, कोळी व विंचू यांच्याशी दूरचे नाते असलेला, केवळ रक्तावर जगणारा बाह्य परजीवी होय. प्रस्तुत नोंदीत जनावरांच्या अंगावरील औषधोपचारापेक्षा जागेच्या बंदोबस्ताचा विचार प्राधान्याने केला आहे. कारण बहुतेक जातींच्या गोचिडी आपल्या आयुष्याचा फार मोठा भाग जनावराच्या अंगाबाहेर, भिंतींच्या भेगांत, गडग्याच्या दगडांमध्ये, पालापाचोळ्यात व गवतात काढतात, आणि त्या काळात त्या कोणाच्याही नजरेस पडत नाहीत.

जीवनक्रम : अंडे, डिंभ, अर्भक व प्रौढ अशा चार अवस्था असतात. डिंभाला सहा व पुढील अवस्थांना आठ पाय असतात. रक्त पिऊन फुगलेली मादी जनावरावरून गळून पडते, आडोशाची जागा शोधून तेथे एकदाच हजारो अंडी घालते व मरते. गुरांवरील सामान्य गोचीड (ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस) डिंभावस्थेत एकदा जनावरावर चढली, की प्रौढ होऊन रक्त पिऊन गळेपर्यंत, म्हणजे सुमारे तीन आठवडे, त्याच जनावरावर राहते. उलट कुत्र्यावरील तपकिरी गोचीड (ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस) प्रत्येक अवस्थेत रक्त पिऊन खाली उतरते, भेगेत शिरून कात टाकते आणि मग पुन्हा नवा आश्रयदाता गाठते. बंदोबस्ताची सारी तजवीज या भेदावरून ठरते. पहिलीच्या बाबतीत जनावरावरील नियमित उपचाराने पुष्कळ साधते. दुसरीच्या बाबतीत कुत्रा कितीही स्वच्छ केला तरी भिंतीतला साठा कायम राहिल्यास उपद्रव लवकरच पूर्ववत होतो.

घर : संपूर्ण जीवनक्रम बंदिस्त घरात पुरा करू शकणारी जात म्हणजे तपकिरी गोचीड. प्रौढावस्थेत ती अन्नावाचून वर्षाहूनही अधिक काळ तग धरू शकते, त्यामुळे दीर्घकाळ बंद असलेले घर निर्धोक मानणे युक्त नाही. तिची प्रवृत्ती वर चढण्याची असल्याने दारांच्या चौकटी, पडद्यांच्या घड्या, तसबिरींची मागील बाजू व छताचे कोपरे ही स्थळे प्रथम तपासावीत. भेगा चुन्याने वा सिमेंटने बुजवाव्यात, कुत्र्याचे अंथरूण कडक गरम पाण्यात धुवावे, आणि अंड्यांतून नवी प्रजा निघत राहते हे जाणून ही सफाई काही आठवड्यांच्या अंतराने पुनःपुन्हा करावी.

गोठा : संकरित गायींना हायलोमा ॲनाटोलिकम या गोचिडीपासून होणारा थायलेरिया रोग, ज्याला शेतकरी गोचीडताप म्हणतात, दुभत्या जनावराचा जीव घेऊ शकतो. ही गोचीडही भेगांच्या आश्रयाने राहते. भिंती व दावणी ज्योतीने भाजून काढण्याचा उपाय परिणामकारक आहे, मात्र वैरण, गवती छप्पर व लाकूड यांपासून दूर आणि जनावरे बाहेर काढूनच तो करावा.

परिसर : कोरडेपणा व ऊन हे गोचिडीचे खरे शत्रू होत. गवत आखूड ठेवणे, पालापाचोळा घरापासून दूर नेणे, सरपण कोरड्या जागी रचणे, उंदीर व भटकी कुत्री यांचा वावर कमी करणे, एवढ्याने बरेच साधते. ईशान्य अमेरिकेत गोचिडींतून पसरणाऱ्या लाइम रोगाच्या मुलखात हिरवळ व रान यांच्यामध्ये सुमारे तीन फूट रुंदीचा खडीचा वा लाकडी कपच्यांचा कोरडा पट्टा ठेवण्याची शिफारस केली जाते.

माकडताप : परिसरातील गोचिडींविषयी आपल्याकडील बरीच सविस्तर माहिती गोचिडींतून माणसांत पसरणाऱ्या या रोगाच्या अभ्यासातून मिळते. १९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली व पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडली, तेव्हा प्रारंभी पीतज्वराची शंका घेतली गेली. परंतु १९५२ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) नवा विषाणू वेगळा करून हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही जंगली गोचीड त्याची मुख्य वाहक असल्याचे दाखविले. अनेक दशके हा रोग कर्नाटकातील त्याच परिसरात मुख्यत्वे आढळत असे. पुढे सह्याद्रीच्या अन्य भागांत त्याचा शिरकाव झाला. गोव्यात २०१५ मध्ये सत्तरी तालुक्यात व महाराष्ट्रात २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात रुग्ण आढळले. काजूच्या बागांत राबणारे मजूर व रानात जाणारे गावकरी यांना विशेष धोका असतो. अर्भकावस्थेतील गोचिडी साधारणतः डिसेंबर ते मे या काळात सक्रिय असतात. हाच काजूच्या हंगामाचा व रानातून पातेरा गोळा करण्याचाही काळ आहे, आणि इतक्या बारीक गोचिडी अंगावर चढल्याचे ध्यानात येत नाही. मेलेल्या माकडावरून उतरलेल्या संसर्गित गोचिडी त्याच ठिकाणी साचत असल्याने तेथे जाऊ नये व आरोग्य खात्यास तत्काळ वर्दी द्यावी. त्या जागेभोवती कीटकनाशकाची फवारणी किंवा धुरळणी करण्याची तरतूद आहे. जंगलातला पातेरा गोठ्यात अंथरण्याची जुनी रीत या मोसमात सोडणे हितावह. रानातून परतल्यावर खळ्यातच कपडे बदलून ते गरम पाण्यात टाकावेत व साबणाने स्नान करावे. रुग्णाकडून दुसऱ्या माणसास हा ताप सहसा होत नाही. पूर्वी वापरात असलेल्या लशीच्या परिणामकारकतेविषयी तज्ज्ञांत मतभेद राहिले.

अंगावरील गोचीड काढणे : बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ, सावकाश ओढावी; नंतर ती जागा व हात साबणाने धुवावेत. रॉकेल, तंबाखू, चुना किंवा बिडीचा चटका हे गावोगावचे उपाय त्याज्य आहेत, कारण डिवचलेली गोचीड जखमेत लाळ अधिक सोडण्याचा संभव असतो. नखांवर चिरडूही नये. पुढील काही दिवसांत ताप आल्यास चाव्याची हकीकत डॉक्टरांना अवश्य सांगावी.

रसायने : एके काळी घरोघर पसरली जाणारी बीएचसी भुकटी भारतात १९९७ पासून बंद आहे. पिकांवरची कीटकनाशके जनावरांच्या अंगावर वा घरात कदापि वापरू नयेत. कुत्र्यांसाठी असलेले परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला प्राणघातक ठरू शकते. अमिट्राझही मांजरासाठी वर्ज्य होय. दुभत्या जनावरांबाबत दूध किती दिवस वगळावे हे पशुवैद्यास विचारून मगच औषध द्यावे. सिंथेटिक पायरेथ्रॉइडांना न दबणाऱ्या गुरांवरील गोचिडी भारतात अनेक ठिकाणी आढळल्या असल्याने मात्रा मनास येईल तशी वाढविणे निष्फळ व घातक आहे. निंबोळी व करंजाच्या तेलाचा काही उपयोग होतो, परंतु त्यावरच विसंबणे योग्य नाही.

पक्षी : कोंबड्या व गायबगळे गोचिडी खातात.