मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार : आहार व व्यायाम

मूत्रपिंडाच्या रचनेत किंवा कार्यात तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेला बिघाड म्हणजे दीर्घकालीन मूत्रपिंड विकार. मधुमेह व उच्च रक्तदाब ही त्याची प्रमुख कारणे. गमावलेली कार्यक्षमता सहसा परत मिळत नाही. उरलेली जपायची असते. पथ्य विकाराचा टप्पा आणि रक्ततपासणी पाहून ठरते, त्यामुळे एकाचे पथ्य दुसऱ्याला चालतेच असे नाही.

मीठ बहुतेकांना कमी करावे लागते : दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याच्या आत. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही त्यातच धरायचे. सैंधवातही सोडियमच असते. ‘लो सोडियम’ मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते. रक्तात साचलेले पोटॅशियम हृदयाची लय बिघडवते, म्हणून ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

पोटॅशियम वाढलेले असल्यास शहाळ्याचे पाणी, केळी, टोमॅटोचे सार यांवर बंधन येते. बटाटा सोलून, बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडावा व ते पाणी ओतून द्यावे. भाजी उकडलेले पाणी आमटीत घालण्याची एरवी चांगली असलेली सवय येथे सोडावी लागते. कमरख मात्र पूर्ण वर्ज्य; त्यातील विषद्रव्य मेंदूवर परिणाम करते. कोलासारख्या पेयांतले फॉस्फेट सहज शोषले जात असल्याने तीही टाळावीत.

सर्वाधिक गैरसमज प्रथिनांबाबत आहेत. विकार मध्यम वा पुढच्या टप्प्यात असून डायलिसिस सुरू नसेल, तर प्रौढांना वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने सुचवतात. ६० किलोच्या व्यक्तीला ४८ ग्रॅम. वाटीभर वरणातून किंवा एका अंड्यातून साधारण सहा ग्रॅम मिळतात. डाळ सरसकट बंद करणे म्हणूनच चुकीचे. डायलिसिसमध्ये अमिनो आम्ले वाहून जातात आणि गरज १ ते १.२ ग्रॅमवर जाते. तेव्हाही जुनेच पथ्य चालू ठेवले, तर रुग्ण खंगतो. हे कुपोषण टाळता येण्याजोगे आहे, आणि आहारतज्ज्ञाची भेट त्यासाठीच महत्त्वाची.

स्नायू टिकवायला व्यायामही हवा. झेपेल तसे वाढवत आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे हे सर्वसाधारण उद्दिष्ट. छातीत दुखले, धाप लागली तर थांबावे. काही केंद्रांत डायलिसिस चालू असताना, बहुधा पहिल्या दोन तासांत, खाटेला जोडलेल्या पेडलवर पाय चालवून घेतात. नंतर रक्तदाब उतरण्याची शक्यता वाढते.