स्पर्शज्या गॅल्व्हानोमीटर

स्पर्शज्या गॅल्व्हानोमीटर : विद्युत् प्रवाहामुळे निर्माण होणाऱ्या चुंबकीय क्षेत्राची पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी तुलना करून प्रवाह मोजणारे उपकरण. प्रयोगशाळेत त्याला ‘टँजंट गॅल्व्हानोमीटर’ किंवा नुसते ‘टी. जी.’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात हे संशोधनाचे साधन होते. पुढे ते अध्यापनाच्या टेबलावर आले आणि तिथेच दीर्घकाळ राहिले.

तत्त्व : उभ्या वर्तुळाकार वेटोळ्याच्या केंद्राशी आडवी फिरणारी लहान चुंबकसूची असते. वेटोळ्याचे प्रतल चुंबकीय याम्योत्तरात, म्हणजे सूची ज्या दक्षिणोत्तर दिशेत स्थिरावते त्या दिशेत आणतात. प्रवाह सोडल्यावर वेटोळ्याचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकाशी काटकोन करते आणि सूची दोहोंच्या मधल्या एका दिशेत थांबते. विचलनकोनाची स्पर्शज्या प्रवाहाच्या प्रमाणात असते. सूचीवरील दोन्ही परिबले तिच्या चुंबकत्वाच्या प्रमाणात असल्यामुळे ते चुंबकत्व समीकरणातून निघून जाते. सूची जुनी होऊन क्षीण झाली तरी मापन बिघडत नाही. वेटोळ्याची त्रिज्या, वेढ्यांची संख्या आणि स्थानिक क्षितिजसमांतर घटक यांवरून मिळणाऱ्या स्थिरांकास ‘रिडक्शन फॅक्टर’ म्हणतात. स्पर्शज्येला त्याने गुणले की प्रवाह मिळतो.

इतिहास : प्रवाहाने चुंबकसूची वळते, हा अर्स्टेड यांचा शोध १८२० मधला. त्याच वर्षी श्वाइगर यांनी तारेचे अनेक वेढे घेऊन परिणाम वाढवला. स्पर्शज्या गॅल्व्हानोमीटरचे श्रेय सामान्यतः फ्रेंच भौतिकीविज्ञ पुये यांना (१८३७) दिले जाते. हेलसिंकीच्या न्यर्वांडर यांनी त्याआधी याच दिशेने केलेले कामही उल्लेखिले जाते. गाउस यांनी १८३२ मध्ये पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र लांबी, वस्तुमान व काल या एककांत मोजून दाखवले. त्यामुळे या उपकरणाला खरे मोल आले : फूटपट्टीने मोजलेल्या त्रिज्येवरून प्रवाहाचे निरपेक्ष मूल्य काढता येऊ लागले, आणि वेबर यांनी तसे ते काढलेही. पुढे हेल्महोल्ट्स यांनी दोन समान वेटोळी त्रिज्येइतक्या अंतरावर ठेवून मधले क्षेत्र अधिक एकसमान केले.

रचना : चौकट पितळेची किंवा लाकडाची, लोखंड कुठेही नाही. बैठकीला तीन समतल स्क्रू. भारतीय महाविद्यालयांतील नेहमीच्या नमुन्यात २, ५० व ५०० वेढ्यांची निवड करता येते. सूची वेटोळ्याच्या मानाने फार आखूड ठेवतात, कारण क्षेत्र केंद्राजवळच एकसमान असते. तिला काटकोनात लांब, हलका ॲल्युमिनियमचा काटा जोडलेला असतो. तो सूचीच्याच दिशेने ठेवला असता तर शून्यावर असताना वेटोळ्याच्या कडेखाली झाकला गेला असता. काट्याखाली आरसा असतो. काटा आणि त्याचे प्रतिबिंब एकावर एक आल्यावरच वाचन घ्यायचे, नाहीतर डोळा तिरका राहिल्याने चूक होते.

वापर : काट्याची दोन्ही टोके वाचतात, मग कम्युटेटरने प्रवाह उलटवून पुन्हा दोन्ही वाचतात आणि चारही वाचनांची सरासरी घेतात. टोकांच्या सरासरीने सूची मध्यावर नसल्याचा दोष जातो, तर प्रवाह उलटवल्याने वेटोळे याम्योत्तरापासून किंचित ढळल्याचा बराचसा दोष जातो. जोडणीच्या तारांना पीळ देतात, म्हणजे त्यांचे स्वतःचे क्षेत्र उरत नाही. वाचनाआधी सूचीच्या पेटीवर हलकी टिचकी मारतात. एक अंशाची चूक ४५ अंशांवर प्रवाहात सुमारे ३·५ टक्के फरक पाडते, ८० अंशांवर १० टक्के. म्हणून विचलन ३० ते ६० अंशांत ठेवण्याचा दंडक आहे. हा दंडक विद्यार्थी पाठ करत, पण त्यामागचे गणित क्वचितच सांगितले जाई. ते सांगायलाच हवे होते. घटांच्या विद्युत् चालक प्रेरणांची तुलना, ओहमच्या नियमाचा पडताळा आणि तांब्याच्या व्होल्टामीटरने रिडक्शन फॅक्टर काढणे हे ठरलेले प्रयोग. शेवटच्या प्रयोगात १ अँपिअर प्रवाहाने अर्ध्या तासात ऋणाग्रावर सुमारे ०·५९ ग्रॅम तांबे बसते.

स्थानाचा प्रभाव : पाठ्यपुस्तकांत याला एखादे वाक्य मिळते, पण या उपकरणाचे वैशिष्ट्य हेच आहे. क्षितिजसमांतर घटक मुंबई–अलिबाग भागात सुमारे ०·३८ गॉस, तर लंडनला त्याच्या निम्मा, सुमारे ०·१९ गॉस आहे. १६ सेंमी. व्यासाच्या, ५० वेढ्यांच्या वेटोळ्यातून ०·१ अँपिअर प्रवाह नेल्यास काटा इकडे सुमारे ४६ अंशांवर थांबेल, लंडनला मात्र ६४ अंशांवर. इंग्लंडमध्ये काढलेला स्थिरांक इथे तसाच वापरला, तर प्रवाहाचे उत्तर निम्मेच येईल. प्रयोगशाळेतील लोखंडी कपाट किंवा स्टूलही हा घटक बदलते. त्यामुळे एकाच वर्गात दोन टेबलांवरची उत्तरे वेगळी येत आणि त्याचा ठपका विद्यार्थ्याच्या हातावर बसे.

मुंबईपुरता हा घटक मोजण्याचे काम कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चाले. विजेच्या ट्रामच्या प्रवाहांनी नोंदी बिघडणार हे ओळखून ते अलिबागेला हलवण्यात आले. तिथले काम १९०४ मध्ये सुरू झाले आणि ट्राम १९०७ मध्ये धावली. मधली सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणच्या नोंदी एकाच वेळी घेतल्यामुळे जुनी मालिका नव्या मालिकेशी जोडता आली. हे स्थलांतर नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांच्या संचालकपदाच्या काळात झाले. भूचुंबकीय नोंदींची इतकी लांब, अखंड मालिका जगात मोजक्याच ठिकाणी आहे.

साइन गॅल्व्हानोमीटर : याच कुळातले, यात वेटोळे सूचीच्या मागोमाग फिरवतात.

उत्पादन : आरंभी ब्रिटिश व जर्मन कारखान्यांतून आयात, नंतर मुख्यतः अंबाला येथून पुरवठा.

सद्यःस्थिती : दार्सोनव्हाल यांच्या फिरत्या वेटोळ्याच्या गॅल्व्हानोमीटरला (१८८२) पृथ्वीच्या क्षेत्राची गरज नव्हती. त्यावर आधारलेल्या अँपिअरमापकांनी प्रत्यक्ष मापनातून स्पर्शज्या गॅल्व्हानोमीटरला हटवले. अध्यापनात आता त्याचा उलटा उपयोग होतो : अंकीय मापकाने प्रवाह मोजून विचलनावरून स्थानिक क्षितिजसमांतर घटक काढतात आणि तो अलिबागच्या मूल्याशी ताडून पाहतात.