तबकडी, तार आणि ग्रंथालयाचे दार

पुरुषोत्तमनगरच्या माणसाला सहकार शिकवावा लागत नाही. एकट्याच्या दोन एकर उसावर कारखाना उभा राहत नाही. पुष्कळांनी भागभांडवल घातले, म्हणजेच चिमणीतून धूर निघतो. आज आम्ही सांगणार तो इतिहास वरवर यंत्राचा दिसला, तरी मुळात याच एकीचा आहे.

१९८५ च्या सुमारास ग्रंथालयांत सीडी-रॉम ही तबकडी आली. रुंदी अवघी बारा सेंटिमीटर. पण तिच्यात टंकलिखित अडीच लाख पानांच्या आसपासचा मजकूर मावे. वैद्यकातील लेखांच्या सूच्या, रसायनशास्त्राची सारे, न्यायालयांचे निवाडे असे सारे तिच्यात भरले गेले. अडचण एकच होती: एक तबकडी, एक यंत्र, एक वाचक. बाकीच्यांनी रांगेत उभे राहावे! मग अनेक तबकड्यांची यंत्रे एकावर एक रचून मनोरा केला गेला. तो मध्यवर्ती संगणकाला जोडला आणि तेथून टेबलाटेबलापर्यंत तारा नेल्या. रांग मोडली.

पण तारेची अडचण सुटली तेथे कराराची सुरू झाली. एका वाचकाला एक दर, एकाच वेळी बसणाऱ्या दहांना दुसरा. कित्येक तबकड्या तर विकत मिळतच नसत. वर्गणी थांबली की परत कराव्या लागत. म्हणजे ग्रंथालय मालक नव्हते, खंडकरी होते. एकेकटे ग्रंथालय प्रकाशकापुढे बसले म्हणजे त्याची गत मालकापुढे एकट्या उभ्या राहिलेल्या कामगारासारखी होई.

उपाय सापडला तोही कामगारांचाच. १९८१ मध्ये खगोलशास्त्राच्या ग्रंथालयांनी 'फोर्सा' नावाने एकमेकांना हात दिला होता. १९९१ मध्ये पुण्याच्या 'आयुका' या संस्थेच्या आश्रयाने 'इन्फ्लिबनेट'चे काम सुरू झाले; १९९६ मध्ये ती स्वतंत्र संस्था झाली. २००४ पासून विद्यापीठांसाठी नियतकालिकांची सामुदायिक वर्गणी भरली जाऊ लागली. तोवर तबकडी मागे पडून मजकूर थेट तारेवरून येऊ लागला होता. १ जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना अमलात आली. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके आणि तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये असा तिचा पसारा आहे. सौदा एकजुटीने झाला, याचा आम्हाला आनंदच आहे.

परंतु ही योजना सरकारी उच्चशिक्षण संस्था आणि संशोधनसंस्था यांच्यासाठी आहे. तालुक्याच्या वाचनालयात बसणारा वाचक तिच्यात नाही. हंगामी कामगारांच्या एका दाव्यासाठी आम्ही एकदा शहरातील एका मोठ्या ग्रंथालयात निवाडे पाहायला गेलो होतो. तबकडी कपाटात होती, यंत्र रिकामे होते. आमच्याजवळ ओळखपत्र तेवढे नव्हते. आम्ही तसेच परतलो. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाने आपले निवाडे 'ई-एससीआर'वर सर्वांना विनामूल्य खुले केले आहेत. तेव्हा हे अशक्य आहे, असे कोणी सांगू नये.

महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. ज्ञान ही सार्वजनिक सोय आहे, पाण्यासारखी, रस्त्यासारखी, हे त्याने मान्य केले. ज्या एकजुटीने विद्यापीठांची दारे उघडली, तिच्यात सार्वजनिक वाचनालयेही घ्यावीत, एवढीच आमची मागणी आहे. ज्या कारखान्यात भागधारकाचाच ऊस नाकारला जातो, त्याला सहकारी म्हणावे काय? करदात्याच्या पैशाने घेतलेल्या ज्ञानाविषयीही आमचा हाच प्रश्न आहे.